केळीच्या ट्रकातला माणूस

अभिमनभाऊंची शाळा सुटली ती गणितापायी. सातवीला दोनदा गचकले, म्हणाले जाऊ द्या तिकडं, आणि मुक्ताईनगरला केळीचे घड ट्रकात भरायला लागले. त्याला आता तेहतीस वर्षं झाली. अशा माणसाला जळगावच्या विद्यापीठातून बोलावणं आलं, तेही अभियांत्रिकी गणिताच्या संशोधन गटाचं! चहाच्या टपरीवर काय हसले लोक म्हणता. त्यांच्या टोळीतल्या नवलनं तर त्यांचं नावच बदललं, ‘प्रोफेसर’ म्हणायला लागला. भाऊंना त्याचं काही नव्हतं. ठेवणीतला शर्ट घालून ते पहिल्या एसटीनं निघालेसुद्धा.

बोलावलं होतं नाजमीननं. पोरगी धुळ्याची, त्या गटात संशोधन करते. इथली केळी दिल्लीला पोचेस्तोवर घासून, दबून काळी पडतात. ती कमीत कमी काळी पडावीत म्हणून घड कसे रचायचे, हे ती दोन वर्षं गणितानं शोधत होती. आता उत्तर हाती आलं होतं, आणि ते रोज ट्रक भरणाऱ्या माणसाला दाखवावं असं तिच्या मनात आलं. गटाचे प्रमुख सरोदे सरही येऊन बसले.

कॉम्प्युटरवर ट्रक उघडला. जड घडांचा ढीग मधोमध, आणि पुढून मागून हलके घड त्याला रेलून बसवलेले. मोठं देखणं काम. भाऊंनी मान वाकडी करून पाहिलं, उठून जवळून पाहिलं. मग भीत भीत विचारलं,

“ताई, हे बरोबरच असंल. पण मी उभा कुठी राहू?”

कुणाला काही कळेना. भाऊंनी समजावून सांगितलं. ट्रक भरायचा तर आत माणूस लागतो. तो केबिनपासून रचत रचत मागं सरकतो आणि शेवटी ट्रकाच्या मागच्या फळीवरून, फाळक्यावरून, खाली उडी मारतो. इथं मधला ढीग आधी लागणार. मग केबिनकडचा भाग भरायला माणूस त्या ढिगावरून पलीकडं जाणार कसा, आणि परत येणार कसा? नाजमीननं कपाळावर हात मारला. दोन वर्षांत ट्रकात माणूस असतो हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं!

सरोदे सर हसले नाहीत. म्हणाले, “अभिमनभाऊ, पाहुणे म्हणून नाही, आमच्या गटातले म्हणून या. दर शनिवारी.” भाऊ परतले ते हवेतच. एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही त्यांनी सगळं सांगून टाकलं.

पण भाऊही काही कमी हट्टी नव्हते. जड घड मधोमध, हे त्यांना मुळीच पटेना. जन्मभर त्यांनी जड घड मागच्या टोकाला लावले होते, कारण तिथवर वाहून न्यायचे कष्ट कमी. सरांनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी एक रिकामा ट्रक आणला, भाऊंना आधी मागच्या टोकाला बसवलं, मग मधोमध, आणि दोन्ही वेळा एकाच खड्ड्याखड्ड्याच्या रस्त्यावरून फिरवून आणलं. मागं हाडं खिळखिळी झाली, मधे तेवढे हिसके बसलेच नाहीत. भाऊ कंबर धरून उतरले ते हसतच. तेहतीस वर्षं मी सगळ्यात जड घडांना त्या मागच्या जागी बसवलं हो, म्हणाले. चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस सरांनी पहिल्यांदाच पाहिला.

आता प्रश्न उरला तो उभं राहायच्या जागेचा. भाऊंनी घरी पत्र्याच्या पेटीचं झाकण उलटं केलं आणि लताबाईंनी भरतासाठी आणलेली वांगी त्यात रचायला घेतली. देठ म्हणजे घडाचा दांडा. तीन दिवस घरात भरीत झालं नाही, आणि लताबाईंनी नवऱ्याला असं फैलावर घेतलं की शेजारीण ऐकायला आली. पण चौथ्या दिवशी जमलं! मधल्या ढिगाच्या कडेनं एका माणसापुरती गल्ली सोडायची, त्या वाटेनं पुढं जाऊन भरायचं, आणि परत येता येता ती गल्ली लहान घडांनी बुजवत यायचं. नाजमीननं हिशोब मांडला, तर गल्लीतल्या लहान घडांमुळं जड घड हलायचेही कमी झाले. फोनवर ती ओरडलीच.

खरा ट्रक मात्र केळीचे व्यापारी लखीचंदशेठ यांचा होता, आणि शेठ तयार होईनात. शेवटी म्हणाले, “अभिमन, तुझ्या शब्दावर देतो. माल बिघडला तर तुझ्या टोळीला पुन्हा माझ्याकडं काम नाही.”

टोळीत अकरा माणसं, अकरा चुली. तरी भाऊंनी शब्द दिला, आणि स्वतः आत उभं राहून घडन् घड हातानं लावला. नवल तेवढा वेळ एकदाही प्रोफेसर म्हणाला नाही.

ट्रक दिल्लीला पोचायच्या दिवशी भाऊंना घरी बसवेना. ते विद्यापीठात जाऊन बसले. कुणी चहा दिला, तो तसाच निवला. दुपारी शेठचा फोन आला. एरवी शंभरात पंधरा-सोळा फण्या काळ्या निघत. या वेळी सहा निघाल्या होत्या. “उद्याचे दोन्ही ट्रक तसेच भर,” म्हणाले आणि ठेवून दिला. भाऊंनी आधी नवलला कळवलं, आणि मग मात्र त्यांचे डोळे वाहायला लागले.

नाजमीननं त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. तोच ट्रक, पण आता आत खांद्यावर टॉवेल टाकलेला बोटाएवढा माणूस होता. तो गल्लीतून पुढं गेला, घड लावत लावत मागं आला, गल्ली बुजवली आणि फाळक्यावरून खाली उतरला.

भाऊंनी रोखलेला श्वास सोडला.

“उतरला गं,” ते म्हणाले. “पुन्हा लाव एकदा.”