डीपी खाली आहे

ती घटना आठवली की आजही आधी माझंच हसू येतं. आठवी कशीबशी निघाली, सिपाही म्हणून लागलो आणि साहेब लोक कंटाळले म्हणून सहायक उपनिरीक्षक झालो. तेव्हा ड्यूटी मध्य प्रदेशात धारजवळ, तिरल्याच्या बाजूला होती.

एका गावातली डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. वीज कंपनी म्हणाली, आम्हीच कर्जात बुडालोय, आधी गावाची थकबाकी भरा. गावाने भरली. देवासच्या ठेकेदाराकडून दुरुस्त होऊन डीपी आली, चढली आणि दुसऱ्याच दिवशी फुस्स! कंपनीची तक्रार आली की लाईनमनने आतलं, डीपी थंड ठेवणारं तेल काढून विकलं. तो ठेक्यावरचा माणूस, घरी दोन लहान मुली. गुन्हा लागला असता तर नोकरी जाऊन वर जेल.

त्याची चौकशी माझ्याकडे. मी ओरडायचो, तो रडायचा, मग मीच चहा मागवायचो.

"साब, सौगन से, ढक्कन ने हाथ बी नी लगायो." झाकणाला हातही लावला नाही, अशी शपथ.

तेवढ्यात देवासच्या एका भंगारवाल्याचा फोन. आमचा जुना खबरी. "भिया, वो डीपी खाली है," म्हणाला आणि फोन ठेवला.

आता घरात आमची मराठी, ठाण्यात हिंदी, डोक्यात खिचडी. मी समजलो, चोरीचा माल डीपीच्या खाली पुरलाय! लाईनमनला जीपमध्ये घातलं, दोन सिपाही, दोन फावडी. कंबरभर खड्डा खणला. निघाली एक फाटकी चप्पल. गाव जमलं. एक म्हातारबा वाकून विचारतो, "दरोगाजी, कुओ खोदी रिया हो कई? पाणी लागे तो बताजो!"

लाईनमन रडता रडता हसला. "साब, खाली माने रीती!"

रिकामी! मी खड्ड्यातून वर बघतच राहिलो.

कंपनीच्या इंजिनिअरसाहेबांना बोलावून डीपी उतरवली. झाकणाचं, दुरुस्तीनंतर दाबलेलं शिशाचं सील जसंच्या तसं. पंचांसमोर उघडलं, तर आत तेल नावाला. म्हणजे डीपी गावात आली तीच रिकामी.

देवासला गेलो. ठेकेदार आपला मराठीच निघाला, आधी पोहे झाले.

"तेल पूर्ण भरून पाठवलं होतं, भिया. गावात काढलं त्यांनी."

मी बावळट चेहरा केला. मला त्यासाठी मेहनत लागत नाही. "बरोबर. सील तोडूनच काढलं असेल ना?"

"मग काय!"

"आणि परत तसंच लावलं?"

"लावलं असेल."

"सील दाबायची पक्कड कोणाकडे असते हो?"

त्याचा पोह्याचा चमचा हवेतच राहिला. पक्कड त्याच्याच कपाटात, किल्ली त्याच्याच कमरेला. तेल तो त्याच भंगारवाल्याला विकायचा आणि पूर्ण दुरुस्तीचं बिल कंपनीकडून घ्यायचा. भंगारवाल्याने बयान दिलं, ठेकेदार आत गेला.

कंपनीचं कर्ज कसं फिटेल ते शिकलेल्या लोकांना ठाऊक. मला एवढंच कळलं की नुकसान दिसलं की सगळे आधी लाईनमनची थैली झाडतात. ठेकेदाराचं कपाट कोणी उघडत नाही. मीही उघडलं नसतं; फोन नीट कळला असता तर रिकामी डीपी म्हणजे चोरी पक्की म्हणून लाईनमनलाच आत टाकलं असतं. नशीब की माझी हिंदी कच्ची!

लाईनमनला त्याच्या घरी मीच सोडलं. दोन्ही मुली धावत येऊन त्याच्या पायांना बिलगल्या, आणि माझी छाती अशी फुगली की वर्दीचं बटण तुटून पडलं. बायको म्हणते, पोटाने तुटलं. म्हणू दे. पंचनामा मी केलाय, त्यात छातीच लिहिली आहे.