काकूंची खिडकी

आमचे काका हाडाचे गवंडी. घोड्यांचा जुना दगडी तबेला त्यांनी राहायला घेतला, तेव्हा काकूंनी बोचकंच बांधलं. "स्वयंपाकघराला खिडकी नसेल, तर मी चालले बहिणीकडे!"

भिंत दोन हात जाड. फोडलीत तर छप्पर डोक्यावर येईल, असं सगळ्यांनी बजावलं. काका मात्र हातोडीनं भिंत ठोकत, कान लावून दिवसभर फिरले. एका जागी आवाज पोकळ आला. गिलावा खरवडला, तर आत कमान! जुन्या गवंड्यानं ठेवलेली खिडकी नंतर कुणीतरी बुजवली होती. काकांनी तेवढेच दगड काढले आणि ऊन थेट ओट्यावर आलं.

"बघितलंस?"

काकूंनी बोचकं सोडलं. "बघितलं. आता ती घोडे बांधायची कडी तेवढी राहू द्या. तुमच्यासाठी लागेल."