रत्नप्रभाबाईंच्या पायाखालचा ब्रेक

रत्नप्रभा परबांना मी प्रथम पाहिलं तेव्हा वाटलं, चाकाचा शोध लागला त्या दिवशी या बाई शेजारी उभ्या राहून “अजून जरा गोल कर” म्हणत असाव्यात. चारकोपच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, डाव्या सीटवर दोन उशा घेऊन त्या बसल्या होत्या. वय सदुसष्ट. मी त्रेपन्न, म्हणजे माझ्या मते तरुण.

“या शिकवणार?” मी मालकाला, सुबोधला, बाजूला घेऊन विचारलं.

“बावीस वर्षं शिकवतायत, काका. नाहीतर मानसी आहे, चोवीसची.”

“ती? कालची पोर!”

मला माझ्याच वयाचा शिक्षक हवा होता. अनुभवी, पण तरतरीत, थोडक्यात, मीच. तो स्कूलमध्ये नव्हता. मग मी तक्रारवही मागितली.

“विचार करून लिहा हं,” सुबोध म्हणाला. “बाईंना ठेवायचं की नाही, ते मी आणि माझा भागीदार एक तारखेला ठरवतोय.”

मी विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘शिक्षिका वयस्कर. ऐन वेळी ब्रेक लागेल का, शंका वाटते.’ मग त्यांच्याच शेजारी जाऊन बसलो, कारण सकाळी सातला त्याच मोकळ्या होत्या.

“क्लच हळू सोड, मेल्या! झुरळ मारतोयस काय?”

आठ दिवसांत माझा हात असा बसला की घरी मी बायकोला वाहतुकीवर व्याख्यानं देऊ लागलो. नवव्या दिवशी वळणावर भाजीची हातगाडी आडवी आली. मी सर्व शक्तीनिशी ब्रेक दाबला. तो ॲक्सिलरेटर होता. गाडी कोथिंबिरीपासून वीतभर अलीकडे थांबली. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो आणि आठ दिवस गाडी बाईच चालवत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

“घाबरलास?”

“छे!” मी किंचाळलो.

“मालक मला घरी बसवायचं म्हणतोय,” बाई सहज म्हणाल्या. “घरी काय करू रे? कपाट रिव्हर्स घेऊ?”

मी तडक सुबोधकडे गेलो. “ते पान फाड.”

“अशा सहा तक्रारी आहेत, काका. तुमची सगळ्यात मुद्देसूद. भागीदाराला तीच पाठवली.”

“अरे, आज त्यांनी मला वाचवलं! मी ब्रेकऐवजी...”

सुबोधने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्या वयात होतं असं. ऑटोमॅटिक शिका.”

मी त्याच वहीत बाईंची पाऊण पान स्तुती लिहिली.

एक तारखेला बाईंना काढलं.