बाबांच्या कंबरेचा बाक

दुसऱ्याच्या कंबरेखाली हात घालून बसणं, याच्याइतकं किळसवाणं काम मी आजवर केलेलं नाही. आणि मी मासळी साफ करत वाढलेली बाई आहे. बांगड्याची आतडी ओढून काढताना मला काही वाटत नाही. पण माणसाचं अंग, तेही आजारी, दिवसभर एकाच कुशीवर पडून घामेजलेलं, खोबरेल आणि बाम एकत्र मुरल्यावर आंबूस वास येणारं. आणि ते अंग आपल्या बापाचं. सांगायला लाज वाटते, पण मला शिसारी यायची. हात बाहेर काढला की मी थेट मोरीवर जायचे आणि भांडी घासायच्या साबणाने कोपरापर्यंत धुवायचे.

बाबांची कंबर गेली ती होडी वर ओढताना. आमचं घर मालवणच्या किनाऱ्यालगत आहे आणि बाबा जन्मभर रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याच्या दोन टोकांचे दोर दोन बाजूंनी माणसं धरतात आणि वाळूत मागे मागे सरकत ओढत राहतात. सत्तरीला आल्यावर बाबांनी दोर सोडला, पण सकाळी जाऊन चुका काढायचं सोडलं नाही. गेल्या वर्षी चार जण एक होडी वर घेत होते. बाबांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी यांनी जाऊन खांदा लावला. होडी वर गेली, बाबा तिथेच बसले ते उठलेच नाहीत. मणक्यातली चकती सरकलीय, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनची घाई नको. आधी गोळ्या, पडून राहणं आणि मग व्यायाम.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ गोव्यात हॉटेलात नोकरीला. मी लग्न मोडून माहेरी परतलेली, तालुक्याच्या कचेरीत कारकून. तेव्हा हे काम कुणाच्या गळ्यात पडणार याची चर्चासुद्धा झाली नाही. भाऊ रोज फोन करून बाबांना कसं जपायचं ते मला समजावून सांगायचा आणि मी फोन ओट्यावर ठेवून कांदा कापायचे.

आमचा संडास मागच्या दाराबाहेर आहे. तीन पायऱ्या आणि वीस पावलं. बाबांना तेवढंही जमत नव्हतं, म्हणून भांडं आलं. ते सरकवायचं, काढायचं, धुवायचं, फडक्याने पुसायचं. बाबा भिंतीकडे तोंड करून डोळे मिटायचे. मी ओढणी नाकावर घ्यायचे. ती ओढणी त्यांना दिसते हे मला ठाऊक होतं, तरी मी ती कधी खाली घेतली नाही. त्या दिवसांत आम्हा दोघांना जगाकडून एकच गोष्ट हवी होती: त्यांनी स्वतःच्या पायांनी त्या वीस पावलांवर जावं आणि दार लावून घ्यावं. बाकीचं पुढचं पुढे.

तीन आठवड्यांनी व्यायाम शिकवणारी बाई यायला लागली. बाई कसली, मुलगीच. स्कूटरवरून यायची, चपला ओळीत काढायची, आणि बाबांशी असं बोलायची जणू त्यांना काही झालेलंच नाही. तिने त्यांना चटईवर उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले आणि टॉवेलची बारीक गुंडाळी करून कंबरेखाली सरकवली.

"काका, इथे कंबरेला थोडा बाक असतो. तो सगळ्यांना असतो. तो दाबून सपाट करायचा नाही आणि ताणून वाढवायचाही नाही. टॉवेल नुसता टेका द्यायला. श्वास सोडताना पोट हळूच आत घ्या आणि एक टाच पुढे सरकवा. कंबर होती तशीच राहिली पाहिजे. पोटाला ताकद आली की कंबरेवरचा भार उतरेल."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही टॉवेलवर तळहात ठेवून बसायचं. हात चेंगरला तर काका कंबर दाबतायत. हात मोकळा पडला तर ते कंबर उचलतायत. दोन्ही नको."

"टॉवेल आहे ना, मग हात कशाला?" मी विचारलं.

"टॉवेल बोलत नाही ना ताई," ती म्हणाली.

ती गेली आणि बाबांनी टॉवेल ओढून बाजूला टाकला. "माका नको. ह्या पोकळीतसून वारो शिरता. कंबर भुंयेक टेकूक होयी." त्यात भावाने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. लाल चड्डी घातलेला एक तुकतुकीत माणूस, अंगाला तेल लावून, कंबर जमिनीला चिकटवा म्हणून ओरडत होता. त्याच्या पोटावरच्या त्या वड्या बघून मी तोंड फिरवलं. बाबांनी मात्र तो तीनदा बघितला. "बघ, ह्यो काय सांगता ता," म्हणाले. तो माणूस पंचविशीतला होता आणि त्याची कंबर धडधाकट होती, हे त्यांना कोण सांगणार.

आणि मग त्यांनी माझ्या पायाचा विषय काढला.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय उसण भरलेल्या कंबरेला तीन वेळा टेकवला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे कळायला लागल्यापासून मी आमच्या खळ्यात लोकांच्या कंबरांवर पाय ठेवत आलेले. बाजार उरकून आलेल्या मासेवाल्या, होडीवरून उतरलेले गडी, सगळे अंगणात पालथे पडायचे. कुणाच्या पाठीवर घामोळं, कुणाच्या पाठीवर केसांचं रान, कुणाला पिकलेलं गळू. माझं पाऊल तेलकट व्हायचं आणि रात्री अंथरुणात त्याला वास यायचा. बाबा बाजूला उभे राहून सगळ्यांना सांगायचे, "माझ्या चेडवाच्या पायाक गुण आसा." बारा वर्षांची झाले तेव्हा एकदा मी विहिरीच्या दगडावर पाऊल रक्त येईस्तोवर घासलं आणि यापुढे कुणालाही पाय लावणार नाही म्हणून सांगून टाकलं. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने मी घरातली एक चांगली वस्तू फोडून टाकली होती.

आता तेच बाबा चटईवर पडून रोज म्हणायला लागले, "एकदाच पाय लाव गो चेडवा."

मी नाही म्हणायचे. ते तोंड फिरवायचे. व्यायाम राहायचा. मुलगी आली की तेवढ्यापुरता टॉवेल कंबरेखाली जायचा, ती फाटकाबाहेर पडली की पुन्हा बाहेर. ताकद येत नव्हती आणि भांडं चालूच होतं.

एका दुपारी ते भांडं काढताना कलंडलं. गादीवर, चादरीवर, माझ्या मनगटापर्यंत. काय काय आणि किती ते सांगत नाही. मी त्यांना पुसलं, कपडे बदलले, चटईवर आणून निजवलं, चादर भिजवली, गादी उन्हात नेऊन टाकली, आणि परत आत आले तर बाबा म्हणाले, "तेवाच पाय लावलो असतंस तर ह्यो दीस इलो नसतो."

"वळ पालथो," मी म्हणाले.

ते खरंच वळले. कण्हत, चटईची कड धरून, पण वळले. गाल उशीवर टेकवून त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा समाधान दिसलं. मी त्यांच्या कंबरेवर पाय ठेवला.

पाय टेकवायचा असतो. मी टेकवला नाही, दाबला. अंगाचा भार देऊन, त्या बाकावर, बरोबर मध्ये. मला कळत होतं मी काय करतेय. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी उशी दातांत धरली आणि उशीतून एक घोगरा आवाज आला. मी पाय उचलला तेव्हा त्यांच्या गोऱ्या पाठीवर माझी पाचही बोटं लाल उमटली होती. मोरीवर जाऊन मी ओकले. ते वासाने नव्हतं.

चार दिवस त्यांना कुशीवरही वळता येईना. मुलगी आली, कंबरेला हात लावल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. "हे काय झालं?"

मी चहाचा कप धरून दारात उभी होते. बाबा छताकडे बघत म्हणाले, "मियाच वाकडो वळलंय."

तिने त्यांना लहान पोराला रागवावं तसं रागावलं. असं केलंत तर ऑपरेशनशिवाय इलाज राहणार नाही, पायातली शक्तीसुद्धा जाईल, असं सगळं सुनावलं. बाबांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. खरं काय ते मी तिला सांगितलं नाही. आजतागायत कुणालाच सांगितलेलं नाही.

दुखणं जरा उतरल्यावर मी स्वतःहून त्यांच्या कंबरेखाली हात घालून बसायला लागले. उगाच कुणाचा गैरसमज नको: मला प्रेमाचा उमाळा वगैरे आला नव्हता. किळस होती तशीच होती. फक्त आता ती बाबांच्या अंगाची कमी आणि माझी मला जास्त वाटत होती.

टॉवेलवरून मात्र कुरकुर चालूच. भावाने हॉटेलातून आणलेला तो जाड, पांढरा टॉवेल बाबांना टोचायचा. एके दिवशी म्हणाले, "माझो पंचो बघ खंय आसा. रापणीचो." तो पडवीतल्या खुंटीवर होता. रापण ओढताना दोर कंबरेला घासू नये म्हणून ते तो गुंडाळायचे. खारट, बुरसट, उंदरांनी एका कोपऱ्याला कुरतडलेला. मी धुवायला निघाले तर धुवू देईनात. शेवटी नाक मुरडत मी तसाच गुंडाळला आणि कंबरेखाली सरकवला. बाबांनी त्याची कुरतडलेली कड बोटांनी चाचपली.

मग म्हणाले, "दोर वढताना कंबर मोडली काय माणूस पडलो. कंबर ताठ धरूची नाय, वाकवूची नाय. जशी आसा तशी धरूची. पोटान वढूचां."

"ती तर महिनाभर हेच सांगता," मी म्हणाले.

"मगे तिना तसां सांगूक होयां होतां," बाबा म्हणाले. वर पुन्हा तिचीच चूक.

त्या दिवसापासून व्यायाम खरा सुरू झाला. एका बाजूला त्या पंच्याचा वास, दुसऱ्या बाजूला त्यांची घामट पाठ आणि मध्ये माझा तळहात. सुरुवातीला टाच पुढे सरकली की हात चेंगरायचा. कधी कंबर एकदम वर उचलली जायची आणि हाताला वारा लागायचा. मी "दाबतंस" किंवा "उचलतंस" एवढंच बोलायचे. बाबा शिवी हासडायचे आणि पुन्हा श्वास सोडायचे. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. मला कंटाळा यायचा, पाठीला रग लागायची, बोटं सुरकुतायची. दहाएक दिवसांनी एका सकाळी त्यांची टाच पुढे गेली, परत आली, आणि माझ्या हाताला काहीच कळलं नाही. ना दाब, ना पोकळी.

"बरां?" बाबांनी विचारलं.

"बरां," मी म्हणाले.

मग कुशीवर वळणं, पाय खाली सोडून बसणं, वॉकर धरून उभं राहणं. मुलगी प्रत्येक वेळी आधी कंबरेवर बोट ठेवून बघायची आणि मान डोलवायची. खोलीतल्या खोलीत चालू दे, पायऱ्या एवढ्यात नकोत, असं ती सांगून गेली होती.

एका सकाळी मी पुढच्या पडवीत बांगडे कापत होते. वॉकरची टकटक ऐकू आली, मला वाटलं खोलीतच चाललेत. मग ती टकटक दगडावर वाजली. हात खवल्यांनी भरलेले तशीच उठून धावले. बाबा तिन्ही पायऱ्या उतरून पार संडासाच्या दारात पोचले होते. माझ्याकडे न बघता आत गेले आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"बाबा, कडी घालू नको," मी ओरडले.

आतून आवाज आला, "थंय कित्याक उबी ऱ्हवलंस? जा थंयसून."

मी चार पावलं मागे सरले आणि माडाच्या आडोशाला उभी राहिले. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, कपाळ घामाने भिजलेलं, एक हात कंबरेवर. मला धरू दिलं नाही. वीस पावलं परत आले.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. खाटेवर पाय सोडून बसलेल्या बाबांनी ताट मांडीवर घेतलं, भात संपवला आणि म्हणाले, "वायच भात वाढ." मी वाढला. तोही संपला. पुन्हा ताट पुढे आलं. एवढे दिवस त्यांच्या ताटात अर्धा भात उरायचा आणि मी तो कावळ्यांना टाकताना चरफडायचे, की माझ्या हातचं यांना गोड लागत नाही.

"आज कसली एवढी भूक?" मी विचारलं.

बाबांनी भात कालवता कालवताच सांगितलं, मान वर केली नाही. "भूक रोजच होती गो. पण पोटभर जेवलंय तर तुकाच परत भांडां धरूचां लागलां असतां."

मी चौथ्यांदा भात वाढला. त्यांनी तोही संपवला.