आहेरात दिलेला विंचू

माझ्या लग्नात अण्णांनी जावयाला घड्याळ घातलं आणि नारळाशेजारी एक लोखंडी ठसा ठेवून ताट हातात दिलं. ठशाच्या टोकाला नखाएवढा विंचू कोरलेला. लासूर स्टेशनला आमची लोहाराची भट्टी होती. कोयता मनासारखा उतरला तरच अण्णा तापल्या पात्यावर हा विंचू उमटवायचे. ऊसतोडीवाल्यांना अक्षर कळत नसलं तरी विंचू कळायचा. पोरीबरोबर जावयाला आपल्या कामातली एक वस्तू द्यायची, ही आमच्याकडची रीत. दोनशे माणसांनी ते पाहिलं, फोटोवाल्यानं फोटोही काढला.

नवऱ्यानं औरंगाबादजवळ बजाजनगरात स्वतःच्या भट्टीसाठी शेड घेतलं. अण्णा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद वापरायचे. हा गडी कारखान्यांच्या भंगारातला पत्रा आणायचा आणि त्यावर विंचू ठोकायचा. मी एकदाच म्हणाले, "असल्या पत्र्यावर अण्णांचा विंचू मारू नका." त्यानं कोयत्याच्या दांड्यानं पाठ अशी सोलली, की आठ दिवस मी पालथी झोपले. पुढं त्याला कारणही लागेना. एकदा भट्टीतली तापलेली सांडशी दंडावर टेकवली, का ते मला आजही माहीत नाही. माहेरी मी अवाक्षर काढलं नाही. अण्णा बाजारात जावयाचं कौतुक सांगत फिरायचे, त्यांना काय सांगणार? मला लाज वाटायची, आणि त्या लाजेची आज चीड येते.

मग गंगापूरकडच्या एका उसाच्या फडात नवऱ्यानं बनवलेला कोयता मोडला. तुटलेलं पातं उडून शेजारी मोळी बांधणाऱ्या बाईच्या मांडीत घुसलं. बाई वाचली, पाय गेला. टोळीनं पात्यावर विंचू पाहिला आणि वीस जण टेम्पोत बसून थेट लासूरला अण्णांच्या भट्टीवर आले. अण्णा ओरडत राहिले, "माझा नाय ह्यो, माझा नाय." पण विंचू त्यांचाच होता. त्यांचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि त्यांच्याच घणानं मनगट ठेचलं. मी पोचले तेव्हा ऐरणीवरचं रक्त काळं पडलं होतं. त्या माणसांचा मला फारसा राग आला नाही. नवऱ्याचा आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अण्णांचाही आला.

हाताला प्लास्टर घातल्यावर मी अण्णांना औरंगाबादला अदालत रोडवरच्या एका वकिलाकडं ओढत नेलं.

वकिलानं विचारलं, "मामा, छापाची नोंदणी केली होती का?"

"नोंदणी कशाला? सगळ्या तालुक्याला माहीत हाय विंचू कुणाचा ते."

"करायला हवी होती. पण नसली म्हणून सगळं बुडालं नाही. छाप आधी कोण वापरत होतं आणि लोक तो कुणाचा म्हणून ओळखतात, हेही कोर्ट बघतं. जुनी बिलं आणा, जुने कोयते आणा, बाजारातले साक्षीदार आणा. अडचण दुसरीच आहे. जावयानं छाप चोरला नाही, तुम्हीच दिलात. लग्नातला फोटो त्यांचाच वकील दाखवील. छाप वापरायला द्यायचा तर लेखी द्यावा, माल कसा हवा ते त्यात लिहावं आणि अधूनमधून जाऊन माल तपासावा."

"आहेराला कुणी अटी घालतं व्हय?"

"म्हणून आता नोटीस पाठवू. परवानगी काढून घेतली, ठसा परत करा. त्यानंतरही कोयत्यावर विंचू ठोकला तर कोर्टाकडून मनाई आणू. फक्त तुमची सही हवी."

अण्णांनी कागद मागं सारला. दिलेला आहेर परत मागणं त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. शिवाय मी नवऱ्याच्याच घरात राहत होते, नोटीस तिथंच येणार होती.

"मनगट गेलं, भट्टी गेली, विंचूबी जाऊ द्या साहेब," ते म्हणाले. "हा कागद गेला तर त्यो पोरीवर हात उगारंल. ती सुखात हाय. तिचा संसार कशाला मोडू?"

सुखात! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले आणि झंपराची बाही खांद्यापर्यंत ओढली. सांडशीची दोन बोटं दंडावर जशीच्या तशी उठलेली होती.

"हे बघा अण्णा. हे तुमच्या सहीच्या आधीचं हाय. पाठ इथं दाखवता येत नाय, न्हाईतर तीबी दाखवली असती."

वकील टेबलावरच्या फायलींकडं बघत बसला. अण्णांनी वाकून माझा दंड निरखला. तापल्या लोखंडाचा डाग किती जुना, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी डाव्या हातानं माझी बाही हळूच खाली ओढली.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "विंचवाचा कागद मागून करू. आधी हिचा लिहा."