घोरण्याचं कौतुक

निजलेल्या लेकराचा श्वास कधी कान देऊन ऐकला आहे तुम्ही? नाकपुड्यांतून हलकेच निसटणारी ती ऊबदार, ओलसर फुंकर, आणि इवल्याशा छातीची ती संथ, निर्धास्त लय! तुमचे डोळे त्या लयीने मिटत असतील. माझी मात्र झोप उडते. जालन्यात मी भूलतज्ज्ञ आहे. लेकरांना निजवणं हा माझा व्यवसाय, आणि निजवलेल्या लेकराचा श्वास राखणं ही माझी रोजची धास्ती.

आमच्या मुलखात घोरण्याचं भारी कौतुक. लेकरू घोरलं म्हणजे झोप गाढ, आणि गाढ झोप म्हणजे खाल्लेलं अंगी लागणार! हसनाबादहून चार वर्षांच्या गुड्डीला टॉन्सिल काढायला घेऊन आलेल्या तिच्या वडिलांनाही तोच अभिमान. झोपेत घोरते का, असं मी विचारताच त्यांचा चेहरा खुलला. "घोरती ना म्याडम! बराबर माझ्यावानी. कुशीवरच निजती, उताणी टाकली की दचकून उठती." ते हसत होते, आणि मी गुड्डीला तोंड उघडायला लावलं. पोरीची हनुवटी आत गेलेली, टॉन्सिल सुजून एकमेकांना भिडलेले. ज्याला हा बाप सुखनिद्रा म्हणत होता, तो तिचा श्वासासाठीचा रोजचा झगडा होता. जागेपणी, साध्या झोपेतही देह स्वतःची राखण करतो. पण मी दिलेल्या झोपेत ती राखण कोणी करायची?

आणि व्हायचं तेच झालं! मास्कमधल्या औषधानं गुड्डी निजली, घोरू लागली, मग नुसतीच घरघर, मग तीही थांबली. छाती धडपडत होती, पण हवा आत जाईना. प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा सूर खाली खाली उतरू लागला. जबडा पुढे उचलला, तरी व्यर्थ. अगं बाई, आता काय करू? तेवढ्यात तिच्या बापाचे शब्द आठवले. आम्ही तिला कुशीवर वळवलं, पुन्हा जबडा उचलला, आणि सुस्स करून श्वास आत गेला! त्या आवाजाइतकं मधुर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. मग सावकाश, कॅमेऱ्याच्या मदतीनं श्वासनलिकेत नळी बसवली. शस्त्रक्रिया पार पडली आणि गुड्डी भोकाड पसरून जागी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील धावत आले. चेहरा पांढराफटक. "म्याडम, जल्दी चला! पोरीचा आवाजच येऊ न्हाई राह्यला!" मीही धावले. खाटेवर गुड्डी चक्क उताणी निजली होती. ओठ मिटलेले, छाती संथ वरखाली होणारी. मी त्यांचा हात धरला आणि तिच्या नाकाशी नेला. नांगराने घट्टे पडलेल्या त्या तळव्यावर ती ऊबदार, ओलसर फुंकर आली, गेली, पुन्हा आली.

डोळे पुसत ते हळूच म्हणाले, "मंग लेकरं अशी झोपत असतात का, म्याडम?"