चालून बघणारे आप्पा

आमच्या खासदारांना बोलायच्या आधी चालायची खोड होती. रस्त्याबद्दल दिल्लीत बोलायचं तर आधी तो रस्ता पायी तुडवायचा, पाण्याबद्दल बोलायचं तर आधी ते पाणी ओंजळीनं प्यायचं, आणि दवाखान्याबद्दल बोलायचं तर तिथल्या बाकावर रोग्यांच्या रांगेत सकाळभर बसायचं. एकदा असेच बसले असताना कंपाउंडरनं त्यांना ओळखलं नाही आणि बाटलीभर लाल औषध हातात दिलं. आप्पांनी ते निमूटपणे पिऊन टाकलं आणि वहीत लिहिलं, ‘कडू आहे. पाणी जास्त आहे.’

पन्नास सालानंतरच्या दहा वर्षांतली ही गोष्ट. आज पिंपळे सौदागरला आमच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीतून पाहिलं की इमारतींशिवाय काही दिसत नाही. तेव्हा मोशीपासून चाकणपर्यंत नुसता माळ होता आणि त्या माळाच्या कडेला आमचं गाव. आप्पा चाकणचे, कांदा पिकवणारे. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आले होते, पण त्याविषयी कधी बोलत नसत. विचारलं तर म्हणत, “तिथं चालायला जागा नव्हती, एवढंच आठवतं.”

एका वर्षी मालगाडीचे डबे वेळेवर मिळेनात आणि चाकणचा कांदा पोत्यातच सडू लागला. आप्पा दोन दिवस पोत्यांच्या थप्पीजवळ बसून राहिले आणि दिल्लीला जाताना त्यातलेच चार कांदे पिशवीत घालून घेऊन गेले. सभागृहाच्या दारावरच्या माणसानं पिशवी काढून घेतली. “घेईना का,” आप्पा आम्हाला सांगत होते, “सदऱ्याला वास होताच की. शेजारचे मेंबर दोन बाकं लांब जाऊन बसले. मी म्हटलं, साहेब, हा माझा मतदारसंघ आहे.”

अधिवेशन संपलं की ते गावोगाव फिरत आणि चावडीसमोर बसून छापील कागदातून सगळं वाचून दाखवत. काय विचारलं, काय उत्तर मिळालं, कोण काय म्हणालं, सगळं. कागदात कुठं कंसात ‘हशा’ छापलेलं असलं तर तेही वाचत. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, एकदा म्हणाले, “आप्पा, तेवढं गाळलं तरी चालेल.” आप्पा म्हणाले, “तुमच्या नावानं जे झालं ते तुम्हाला कळायला नको? हसले तर हसले.”

मुक्कामाला ते आमच्या ओसरीवर असत. आणि आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे हसायला तयार राहा. मी पंधरा वर्षांची, सातवीची फायनल पास झालेली. गावातली पहिली मुलगी. त्यामुळे मी जमिनीपासून वीतभर वरून चालत असे. अक्षर वळणदार होतं आणि ते वळणदार आहे हे मला फार आधी कळलं होतं. गावाचे अर्ज मी लिहीत असे. घरात पाणी भरायचं काम मात्र मला नसे. घागर डोक्यावर घेतली तर भांग विस्कटायचा, आणि शिकलेल्या मुलीचा भांग म्हणजे काय साधी गोष्ट आहे!

त्या वर्षी सरकारी कोठारासाठी माळावरची जमीन घेतली गेली आणि तारेचं कुंपण पडलं. नकाशावर कुणीतरी सरळ रेघ ओढली होती, तिच्या आत आमची गोड्या पाण्याची विहीर गेली. गावातल्या बाकीच्या दोन विहिरी मचूळ. बायकांना इंद्रायणीवर जावं लागू लागलं. मागणं अगदी लहान होतं. कुंपणाला एक फाटक ठेवा आणि सकाळी दोन तास उघडा, बस्स.

दुपारी सगळ्याजणी आमच्या ओसरीवर जमल्या. पुढे चंद्राआत्या. ती आमच्या शेजारची, नात्यातली नव्हे, पण साऱ्या गावाची आत्या. मी कागद, दौत, टाक मांडून पुढाऱ्यासारखी बसले.

“लिव बाय,” आत्या म्हणाली, “नदी लई लांब पडती. येताना चढ हाय. मान मोडून जाती.”

“किती लांब?” मी टाक वर धरून विचारलं.

“आता आमी काय फूटपट्टी घिऊन जातो व्हय पाण्याला?”

सगळ्या हसल्या. मला राग आला. नदी सव्वा मैलावर आहे हे मला ठाऊक होतं, दादांच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. पण सव्वा मैल! हे काय दिल्लीला सांगण्याजोगं अंतर आहे? मी लिहिलं, ‘तीन मैल’. कागदावर ते कसं भरदार दिसलं. मग हात थांबेना. ‘घनदाट अरण्यातून’ असंही लिहिलं. अर्ज खड्या आवाजात वाचून दाखवला, बायकांनी एकेक करून अंगठे उठवले.

आप्पा दोन दिवसांसाठी आले तेव्हा त्यांचं उजवं पाऊल फडक्यात बांधलेलं होतं. चालून चालून झालेलं कुरूप कापून घेतलं होतं आणि जखम चिघळली होती. त्यांनी अर्ज वाचला.

“अरण्यात बाभळी किती आहेत?”

“तीन,” मी म्हणाले.

“मग अरण्य खोडू या.” त्यांनी स्वतः रेघ मारली. “आणि हे तीन मैल? मला वाटलं होतं जवळ असेल नदी. खरं तर मीच जायला हवं, पण या पावलाचं हे असं. तू चालली आहेस ना त्या वाटेनं?”

“हो,” मी म्हणाले.

“मग झालं. तू चाललीस म्हणजे मीच चाललो.”

पाण्याच्या त्या वाटेवर मी उभ्या जन्मात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

चैत्रात आप्पा परत आले. पाऊल बरं झालं होतं. चावडीसमोर माणसं बसली, बायका भिंतीच्या कडेनं उभ्या राहिल्या. आप्पांनी चष्मा लावला आणि नेहमीच्याच आवाजात वाचायला घेतलं. त्यांनी विहिरीचं सांगितलं होतं, कुंपणाचं सांगितलं होतं, बायका तीन मैलांवरून पाणी आणतात हे सांगितलं होतं. मंत्र्यांनी उत्तर दिलं की अधिकाऱ्यांनी अंतर मोजून घेतलं आहे, नदी सव्वा मैलावर आहे, आणि माननीय सदस्यांच्या मतदारसंघातले मैल फारच आखूड दिसतात.

“कंसात, हशा,” आप्पांनी वाचलं.

मग पुढचं वाचलं. ‘अंतर चुकलं ही माझी चूक आहे. मी चालून बघितलं नव्हतं. परंतु फाटकाविषयी...’ इथे घंटा वाजली होती. वेळ संपली होती. फाटकाबद्दल कागदात पुढे काहीच नव्हतं.

मागून कुणीतरी विचारलं, “आप्पा, तीन मैल कुनी सांगितलं तुमास्नी?”

“मी बोललो ना? मग मीच सांगितलं,” आप्पा म्हणाले आणि कागदाची घडी घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होते. तोंड होतं, जीभ होती, एरवी ती दिवसभर चाले. त्या दिवशी नेमकी टाळ्याला चिकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा चंद्राआत्याबरोबर नदीवर गेले. येताना आत्याची भरलेली घागर त्यांच्या खांद्यावर होती आणि सदरा भिजून अंगाला चिकटला होता. ओसरीवर टेकून त्यांनी पाणी मागितलं, मी तांब्या दिला. पाणी पिऊन त्यांनी तांब्या माझ्या हातात परत दिला.

“सव्वाच आहे,” ते म्हणाले. आणि मग हळूच, “पुरेसा होता गं सव्वा.”

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मी चार दिवस रडून मोकळी झाले असते.

फाटक झालं नाही. वैशाखात चंद्राआत्याची सून त्या चढावर घागर घेऊन घसरली. सहावा महिना होता. पोर गेलं. सून वाचली. मी त्यांच्या दारावरून जायचं टाळू लागले आणि परसातून फिरू लागले.

पुढच्या निवडणुकीत आप्पांच्या सभेत मागून पोरं ओरडत, “आप्पा, चाकणवरनं पुनं किती? शंभर मैल का?” माणसं हसत. आप्पा थांबत, हसणं संपू देत आणि पुढे बोलत. ते पडले. मला तेव्हा गावाला खरं काय ते सांगता आलं असतं. पण माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि खोटा अर्ज लिहिणारी मुलगी कोण करून घेणार, असं मी स्वतःला समजावलं. तेही खोटंच. नवऱ्याकडच्यांना अर्जाशी काय देणंघेणं! मला फक्त माझं वळणदार अक्षर सांभाळायचं होतं.

लग्नानंतर वर्षाच्या आत आप्पा गेले. मी तेव्हा माहेरी आले होते. दादा चाकणला जाऊन आले, न जेवता ओसरीवर पडून राहिले. संध्याकाळी मी परसातून न जाता सरळ पुढच्या दारानं चंद्राआत्याकडे गेले. ती चुलीपुढे बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की तीन मैल माझे होते.

आत्या लाकूड पुढे सारत म्हणाली, “ठावं हाय मला.”

“कसं?”

“आगं, अंगठ्याआदी तू वाचून न्हाई व्हय दावलंस? तीन मैल म्हनलीस तवा आमी एकमेकींकडं बघितलं. रोज चालतो, आमास्नी कळंना व्हय? पर कुनी बोललं न्हाई. थोडं सांगून कोन ऐकतंय, असं वाटलं आमास्नी.” तिनं जाळ सारखा केला. “नदीवर आले त्या दिशी म्या त्यास्नी समदं सांगितलं. आमी पंधरा जनी गप बसलो म्हनलं. तर म्हनले, पोरीला बोलू नका, ती लिवायची सोडंल.”

मी रडले. रडणं मला फार चांगलं यायचं. आत्यानं थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाली, “बास आता. उद्या पाण्याला चल माझ्यासंगं.”

सकाळी तिनं माझ्या डोक्यावर चुंबळ बसवली, तिच्यावर घागर ठेवली. जाताना रिकाम्या घागरीचं काही वाटलं नाही. येताना पहिल्या बाभळीपाशी मान आखडली. चढाच्या मध्यावर पाय लटपटू लागले, पाणी अंगावर हिंदकळलं, भांग विस्कटून कपाळावरचं कुंकू डोळ्यांत उतरलं. दोनदा घागर खाली ठेवली. तिसऱ्यांदा चढाच्या माथ्यावर ठेवली आणि मी धपकन खाली बसले. आत्या माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठी, तिनंही आपली घागर उतरवली.

“आता लिव,” ती म्हणाली.

“कुणाला?” मी विचारलं.

आत्या चाकणच्या बाजूला बघत राहिली. मग तिनं चुंबळ झटकली, आणि आम्ही घागरी उचलल्या, कारण ऊन चढत होतं.